कामाशिवाय घराबाहेर

(ऊसतोडीचा हंगाम संपल्यानंतर दिंद्रुड, जि. बीड येथे झालेल्या महिलांच्या बैठकीतील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बायांनो, आणि बाहेरगावाहून आलेल्या मैत्रिणींनो,

महिला दिनाची बैठक आपण वैशाखात घेतोय, म्हणून काहीजणी हसल्या. पण ८ मार्चला इथल्या कितीतरी बाया अजून फडात असतात. ज्यांच्यासाठी दिवस, त्याच नाहीत, तर भाषण कुणासमोर करायचं? म्हणून उशिरा का होईना, सगळ्या आहेत तेव्हा बसलोय. हे बरं झालं.

मला रशियातल्या अनुभवाबद्दल बोलायला सांगितलंय. मी २०१२ च्या जूनमध्ये तिथे गेले होते. सेंट पीटर्सबर्ग शहराजवळ शाळेतल्या मुलांचं उन्हाळी शिबिर होतं. तिथे तीन आठवडे इंग्रजी बोलायला शिकवायचं. पगार नाही. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं. शिबिराचं पुन्हा कधीतरी सांगेन. आज फक्त पहिल्या दिवसाचं सांगते. त्या दिवशी शिकवायचं नव्हतं, शहर बघायचं होतं. आणि तेवढंच मला जमेना.

मुळात मी गेले कशी, ते ऐका. घरी विचारलं, "कशाला जायचं एवढ्या लांब?" मी म्हटलं, "शिकवायला." मग कुरकूर झाली, पण होकार मिळाला. "बघायला जाते" म्हटलं असतं तर मिळाला असता का? पैसे माझ्या पगारातले, वय पन्नाशीच्या पुढे, तरी कारण द्यावं लागलं. आपल्याला घराबाहेर पडायला कारण लागतंच. पाणी, जळण, शेत, दवाखाना, देव. नुसतं बघून येते, असं म्हणणारी बाई तुम्ही पाहिली आहे?

तर पहिल्या दिवशी तिथली एक शिक्षिका मला घेऊन निघाली. जमिनीखालच्या रेल्वेतून वर आलो तो नेव्हस्की रस्ता. साडेचार किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना जुन्या इमारती. मी आपली भराभरा चालायला लागले. ती मागे राहिली. मला थांबवून म्हणाली, "कुणाकडे वेळेवर पोचायचंय का?" मला उत्तर देता येईना. पायांना सवयच नव्हती. हातात पिशवी नाही, डोक्यावर ओझं नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही, तर बाईने चालायचं कसं? मध्येच मी बाकावर बसले आणि लगेच उठले. आपण रिकाम्या बसलोय, कुणी बघेल, असं वाटलं. बघणारं कोण होतं तिथे?

त्याच रस्त्यावर १४ नंबरची इमारत आहे. ती शाळाच आहे. भिंतीवर निळ्या रंगात पांढरी अक्षरं. सोबतच्या बाईंनी वाचून दाखवलं. तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू जास्त धोक्याची आहे, अशी ती सूचना. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी हे शहर वेढलं होतं. तेव्हा त्याचं नाव लेनिनग्राड. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत, ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात मुलांना आणि घरात राहणाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. म्हणजे आपल्या एका भाकरीएवढं वजन, आणि तोही भेसळीचा. लाखो माणसं भुकेने मेली. भिंतींवरच्या या सूचना १९४३ मध्ये हवाई संरक्षण पथकातल्या दोन मुलींनी रंगवल्या होत्या. तात्याना कोतोवा आणि ल्युबोव गेरासिमोवा. त्यांची नावं राहिली आहेत. मला फार बरं वाटलं. एरवी भिंत रंगवणारीचं नाव कोण ठेवतं?

पुढे नदीकाठी मोठा पुतळा आहे. घोड्यावर बसलेला राजा, पहिला पीटर. यानेच १७०३ मध्ये शहर वसवलं. पुतळा उभारला कॅथरिन राणीने, १७८२ मध्ये. घडवला फाल्कोने नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने. पण राजाचं डोकं त्याला मनासारखं जमेना. ते केलं त्याच्या शिष्येने, मारी-आन कोलो हिने. तेव्हा ती विशी-बाविशीची पोर होती. लोक पुतळ्याकडे बघतात, राजाचं नाव घेतात, फार तर शिल्पकाराचं घेतात. राजाचा चेहरा एका मुलीच्या हातचा आहे, हे सांगणारं कुणी सोबत असेल तरच कळतं.

मग मी विचारलं, "१९१७ सालच्या बाया कुठे आहेत?" कारण आपला ८ मार्च या शहराशी जोडलेला आहे. त्या वर्षी ८ मार्चला, त्यांच्या जुन्या पंचांगात २३ फेब्रुवारीला, कापड गिरण्यांतल्या बाया संप करून बाहेर पडल्या. युद्ध चालू, पावासाठी रांगा, घरात पोरं उपाशी. त्यांनी शेजारच्या लोखंडी कारखान्यांतल्या पुरुषांना हाका मारून बाहेर काढलं. आठवड्याभरात झारने गादी सोडली. महिन्याभरात हजारो बाया मताचा हक्क मागत नेव्हस्की रस्त्यावरून गेल्या, आणि जुलैमध्ये तो मिळाला. सोबतची बाई म्हणाली, "ज्या रस्त्याने आपण आलो, तोच." त्या दिवशी मी राजे पाहिले, सेनापती पाहिले. रांगेतल्या बायांचा पुतळा काही दिसला नाही.

हेही सांगायला पाहिजे, की २०२२ मध्ये त्या देशाने युक्रेनवर हल्ला केला. तेव्हा याच शहरात येलेना ओसिपोवा ही सत्तरी उलटलेली चित्रकार, आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवलेली बाई, युद्धाविरुद्ध फलक घेऊन रस्त्यावर उभी राहिली. पोलिसांनी तिला धरून नेलं. म्हणजे बायांनी रस्त्यावर येणं तिथेही संपलेलं नाही आणि सोपंही झालेलं नाही.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळात रात्रीचे दहा, पण बाहेर उजेड, आम्ही नदीकाठी बसलो. तेव्हा सोफिया कोवालेव्हस्काया हिची गोष्ट निघाली. मोठी गणिती. तिच्या काळी रशियात बाईला विद्यापीठ बंद, आणि बाप किंवा नवरा हो म्हणाल्याशिवाय परदेशी जाता येत नव्हतं. म्हणून तिने १८६८ मध्ये नावापुरतं लग्न केलं. शिकायला बाहेर पडता यावं एवढ्यासाठी. १८७४ मध्ये जर्मनीतून डॉक्टरेट मिळवली. पुढे नोकरी दिली ती स्वीडनने. मी म्हटलं, "तिने लग्नाचं कारण दाखवलं, मी शिकवण्याचं." आम्ही दोघी हसलो. पण रात्री मला झोप लागेना. दीडशे वर्षं होत आली आणि अजून कारणच शोधतोय.

आता इथे या. मी परत आल्यावर आपल्यातल्या एकीला म्हटलं, "तुम्ही फिरलाच नाहीत कधी." ती म्हणाली, "बाई, मी तुमच्यापेक्षा जास्त गावं फिरले. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक." खरं होतं. मी खजील झाले. मग विचारलं, "कोल्हापूरला अंबाबाईचं देऊळ पाहिलं?" म्हणाली, "नाही. फड आणि कोप, एवढंच पाहिलं. खाडा कोण भरणार?"

बायांनो, खाडा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस कामावर गेलं नाही, तर उलट पैसे भरायचे. तो खाडा. पाळीचा त्रास असो, ताप असो. २०१९ मध्ये राज्याने नेमलेल्या समितीपुढे आकडे आले. या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. त्यामागे कारणं अनेक आहेत, पण खाड्याची भीती त्यांत आहे, हे बायांनीच सांगितलंय.

कुणी म्हणेल, जिथे दुखण्याला सुट्टी नाही, तिथे ही बाई देऊळ बघायला सुट्टी मागते! मी म्हणते, हाच तर घोळ आहे. सुट्टीला कारण लागलं की दुखणं सिद्ध करावं लागतं. मुकादमासमोर, पुरुषांसमोर पाळीचं बोलावं लागतं. म्हणून मागणी अशी करा: दर महिन्याला ठरलेले दिवस बिनखाड्याचे, आणि कारण विचारायचं नाही. त्या दिवशी बाई झोपेल, दवाखान्यात जाईल, नाहीतर अंबाबाई बघेल. तो दिवस तिचा. येत्या दसऱ्याआधी उचल ठरेल, तेव्हा ही गोष्ट पैशाच्या बोलण्यातच घाला. मागाहून कुणी देत नाही. आणि उचल ठरताना बाईने तिथे बसायचं. कोयता दोघांचा आहे.

कार्यकर्त्या मैत्रिणींना एक सांगणं. आपण बायांना शिबिराला नेतो, मोर्चाला नेतो. तेही कामच. कधी नुसतं बघायला न्या.

आणि सुरुवात आपण इथूनच करू. पुढच्या महिन्यात एक दिवस अंबाजोगाईला जाऊ. योगेश्वरी आहे, मुकुंदराजांची समाधी आहे, हत्तीखान्याची लेणी आहेत. भाषण नाही, ठराव नाही. घरी विचारलं, "कशाला चाललीस?" तर खोटं कारण सांगू नका. म्हणा, "बघायला."

पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळेल. माझीही अडखळली होती.