विजेच्या टपालाचा बटवडा

टपालाच्या कामाचे दोन टप्पे असतात, हे आपण जाणताच. एका गावाहून दुसऱ्या गावी थैली नेणे हा पहिला; थैली फोडून ज्याचे पत्र त्याला देणे हा दुसरा. या दुसऱ्या कामाला आपण बटवडा म्हणतो. संगणकावर येणाऱ्या ईमेलचीही हीच रीत आहे, आणि युनिक्स पद्धतीच्या संगणकांत ती विशेष स्पष्ट दिसते. तेथे थैली आणणारा प्रोग्रॅम निराळा व बटवडा करणारा निराळा. थैली आणणाऱ्यांपैकी सेंडमेल हा जुना आणि नामांकित. बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी तो लिहिला. सेंडमेल पत्र दाराशी आणून सोडतो. पुढे ते कोणत्या पेटीत पडावे, किंवा पडूच नये, हे ठरविणाऱ्या कारकुनाविषयी मी आज बोलणार आहे.

आरंभी या कारकुनाला निवडानिवडीचे काम नव्हते. प्रत्येक माणसाच्या नावे एक लांबलचक फाइल असे आणि आलेले पत्र तिच्या शेवटी जोडले जाई. एक पत्र कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले, हे ओळखण्याची खूण म्हणजे ओळीच्या आरंभी येणारा ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द. आता एखाद्याने आपल्या पत्राच्या मजकुरातच एक ओळ या शब्दाने सुरू केली, तर यंत्राला तेथे नवे पत्रच दिसणार! म्हणून बटवडा करणारे प्रोग्रॅम अशा ओळीपूर्वी एक बाणासारखे चिन्ह घालीत. जुन्या पत्रांत मधूनच दिसणाऱ्या त्या चिन्हाचे मूळ हे आहे.

पत्रे दिवसाला पाच-दहा होती तोवर हे चालले. ती शेकड्यांनी येऊ लागली, तेव्हा निवडणाऱ्याची गरज भासली. १९९० मध्ये स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी प्रॉकमेल हा प्रोग्रॅम लिहिला. त्याला द्यावयाच्या सूचनांना ‘रेसिपी’ म्हणतात. स्वयंपाकाच्या पुस्तकात असते तशी कृतीच ती. पहिल्या ओळीत अपूर्णविराम आणि शून्य, त्याखाली तारांकित अटी, आणि अखेरीस करावयाचे काम. पत्र अमक्याकडून आले असेल, विषयात तमका शब्द असेल, तर ते त्या पेटीत टाक, दुसऱ्याकडे पाठव किंवा एखाद्या प्रोग्रॅमच्या हवाली कर. कृती वरून खाली वाचल्या जातात. एका कृतीने पत्र पेटीत टाकले की साधारणतः तेथेच काम संपते. खालच्या कृतींना ते पत्र दिसतही नाही. त्यामुळे कोणती सूचना आधी लिहिली, यालाच फार महत्त्व येते. एकही अट लागू पडली नाही, तर पत्र नेहमीच्या पेटीत जाते.

पत्र टाकून देण्याचीही सोय आहे. युनिक्समध्ये ‘डेव्ह-नल’ नावाची एक जागा आहे. तिच्यात काहीही घाला, ते नाहीसे होते. आणि जागा सदैव रिकामीच. नको असलेल्या जाहिराती तिकडे लोटणारी कृती दोन-तीन ओळींत लिहून होते. इतकी ती सोपी आहे म्हणूनच मला तिचे भय वाटते.

समजा, एका शाळेच्या कार्यालयात ‘फ्री’ म्हणून फुकटाची लालूच दाखविणाऱ्या पत्रांचा सुळसुळाट झाला. लिपिकाने सूचना लिहिली की, विषयात हा इंग्रजी शब्द असला की पत्र डेव्ह-नलमध्ये टाकावे. मोठ्या-लहान अक्षरांचा भेद प्रॉकमेल सहसा पाळीत नाही आणि शब्द कोठे संपतो हेही, स्पष्ट सांगितल्याखेरीज, पाहत नाही. जूनमध्ये एका विद्यार्थिनीच्या आईचा अर्ज आला. विषय इंग्रजीत लिहिलेला, ‘फ्रीशिपबाबत’. फीमाफीचा तो अर्ज जाहिरातींच्या वाटेने गेला. सेंडमेलला कळविले गेले की बटवडा यथास्थित झाला. त्यामुळे अर्ज परत आला नाही आणि पाठविणारीला काही सुगावाही लागला नाही. ती उत्तराची वाट पाहत बसली आणि कार्यालय म्हणाले, अर्ज आलाच नाही. दोघेही खरे बोलत होते. कागदी पत्राचा पत्ता चुकला, तर टपालखात्याचे एक कार्यालय ते उघडून पाठविणाऱ्याचा शोध घेते. डेव्ह-नलच्या दारी असा कोणी बसलेला नाही.

तोच विषय देवनागरीत लिहिला असता, तर अर्ज वाचला असता! कारण ईमेलच्या शिरोभागात इंग्रजीवाचून दुसरी अक्षरे बहुधा सांकेतिक रूप देऊन पाठविली जातात आणि प्रॉकमेल तो संकेत आपण होऊन उलगडीत नाही. अर्थात, या न्यायाने मराठी पत्रे मराठी शब्दांवरून निवडून ठेवू पाहणाराचीही निराशा होते, हे सांगितले पाहिजे.

कारकून म्हणून प्रॉकमेल मात्र दक्ष आहे. दोन पत्रे एकाच क्षणी एकाच फाइलीत लिहिली जाऊ लागली तर त्यांची सरमिसळ व्हावयाची. म्हणून कृतीच्या पहिल्या ओळीत आणखी एक अपूर्णविराम लिहिला की तो आधी कुलूप लावतो, मग लिहितो. डिस्क भरली आणि पत्र कोठेच ठेवता आले नाही, तर तो खोटी पोच देत नाही. तशी सूचना देऊन ठेवलेली असेल, तर तात्पुरती अडचण आहे एवढे सेंडमेलला कळवितो आणि पत्र रांगेत राहते. यंत्राने यंत्राला उत्तर द्यावे, त्या उत्तराला पहिल्याने पुन्हा उत्तर द्यावे, असा रात्रभराचा संवाद टाळण्यासाठी आपल्या उत्तरावर स्वतःची खूण घालण्याची रीतही त्याच्या उपयोजकांत रूढ झाली. म्हणजे पत्र जाते ते कारकुनाच्या हयगयीने नव्हे, मालकाच्या हुकुमाने.

येथेच ‘सीव्ह’ या दुसऱ्या भाषेचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. सीव्ह म्हणजे चाळणी. तिचे पहिले प्रमाणपत्रक २००१ च्या जानेवारीत निघाले, सुधारलेले २००८ मध्ये; आणि या दुसऱ्याच्या संपादकांपैकी एक, फिलिप गुंथर, हे प्रॉकमेलचीही देखभाल केलेले गृहस्थ आहेत. प्रॉकमेलची ३.२२ ही आवृत्ती २००१ मध्ये निघाली व पुढे सुमारे दोन दशके त्यात म्हणण्यासारखी भर पडली नाही. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते काम पुन्हा हाती घेतले आणि २०२२ मध्ये नवी आवृत्ती आली. सीव्हमध्ये मुद्दामच कमी सामर्थ्य ठेवलेले आहे. तिच्या मूळ स्वरूपात बाहेरचा प्रोग्रॅम चालविता येत नाही, तीच तीच आज्ञा फिरवीत बसता येत नाही. कारण हजारो लोकांच्या सूचना एकाच संगणकावर चालावयाच्या असतात आणि एकाच्या करामतीने सर्वांचे टपाल अडता कामा नये. विषय देवनागरीत असला, तर त्याचा संकेत उलगडून मगच ती तुलना करते.

परंतु या भाषेचा खरा विवेक तिच्या एका नियमात आहे. सूचनेप्रमाणे पत्र दुसऱ्या पेटीत ठेवले गेले नाही, पुढे पाठविले गेले नाही, किंवा स्पष्ट शब्दांत टाकून दिले गेले नाही, तर ते नेहमीच्या पेटीत ठेवलेच गेले असे समजावयाचे. सूचना चालविताना मध्येच बिघाड झाला तरीही तेच. पत्र ठेवावयाचे आणि बिघाड झाल्याचे मालकाला कळवावयाचे.

टाकून देण्याची आज्ञा सीव्हमध्येही आहेच, आणि ‘फ्री’ची ती घातकी सूचना तिच्यातही लिहिता येईल. परंतु ‘टाक’ याऐवजी ‘संशयित पेटीत ठेव’ असे लिहावयास दोन्हीकडे सारखेच कष्ट पडतात. शाळेच्या लिपिकाने तेवढे केले असते, तर आठवड्यातून एकदा ती पेटी चाळण्यास त्याला फार वेळ लागला नसता. आणि फीमाफीची मुदत उलटण्यापूर्वी त्या आईचा अर्ज जाहिरातींच्या ढिगात सापडला असता.