ऑनलाइन करा, पण निर्णय हातात द्या
(पुणे शहरात संस्था-संघटनांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सरकारी सेवा ऑनलाइन व्हाव्यात म्हणून तुम्ही शहरातल्या संघटना झटता, लोकांचे अर्ज भरून देता. आम्ही त्याच्या विरोधात नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तलाठ्याची वाट बघणं वाचलं. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याने कॉम्प्युटरवर काय शोधायचं?

आम्ही कातकरी, ठाकर, महादेव कोळी. जंगलजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसवणूक दाखवावी लागते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही त्यात पुरावा आहे. हा बांध माझ्या सासऱ्याने घातला, असं म्हातारी ग्रामसभेत उभी राहून सांगते. मग वरचे साहेब उपग्रहाचा फोटो दाखवतात, इथं शेत कुठाय? अहो, डोंगरउतारावर नाचणी-वरई दोन-तीन वर्षं पिकवून आम्ही जमीन पड टाकतो, तिथं झुडपं दिसणारच. फोटो पुराव्याला जोड म्हणून वापरायचा, पुराव्याच्या जागी नाही, हे २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलेलं आहे.

दावा नामंजूर झाला तर कारणं देऊन दावेदाराला समक्ष कळवायचं, तिथून ६० दिवसांत अपील, हेही त्याच नियमांत आहे. आमच्या पाड्यांवर कित्येकांना हे दुसऱ्याच कामाला कचेरीत गेल्यावर कळलं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवायला सांगितलं. २८ तारखेला स्थगिती आली, पण त्या पंधरा दिवसांत कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. उद्या कॉम्प्युटरवर 'अपात्र' एवढी ओळ टाकतील आणि म्हणतील, कळवलं होतं की! आमच्याकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागते.

तेव्हा ऑनलाइनची मागणी करताना एवढं जोडा: निर्णय कारणांसह, मराठीत, कागदावर, ग्रामसभेत वाचून दावेदाराच्या हातात. आणि ज्यांना पट्टे मिळालेत त्यांची नोंद सातबाऱ्यावर.

आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथंच पुण्यात आहे, जमाबंदी आयुक्तांचं कार्यालयही इथंच. तुम्ही रिक्षाने पोचता, आम्हाला दिवसाची मजुरी बुडवावी लागते. दोन्हीकडे निवेदन द्यायला आमच्याबरोबर चला. मसुदा दारापाशी ठेवलाय. वाचा, सही करा, बरोबर कोण येणार ते नाव लिहून जा. आम्हाला पाचची एस.टी. गाठायची आहे.