मोत्यांचे बेट आणि रेसिडेन्सीची सावली

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेले भाषण)



ज्या शाळेत मी इतिहासाचे पहिले पुस्तक उघडले, त्याच शाळेच्या सभागृहात तिच्या हीरक महोत्सवानिमित्त उभे राहून बोलण्याची संधी मिळावी, हे मी माझे भाग्य समजतो. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला देण्यात आले होते. मी होळकरशाहीवर किंवा माळव्यातील मराठ्यांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असावी. मी मात्र आपणांस इराणच्या आखातातील बहरीन नावाच्या एका लहानशा बेटावर नेणार आहे. काळ आहे पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांमधील वीस वर्षांचा.

इतक्या दूर का जायचे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. इंदुरात आपण 'रेसिडेन्सी' हा शब्द रोज उच्चारतो. रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता, एवढाच त्याचा अर्थ आता उरला आहे. पण एके काळी त्या शब्दाचा दरारा होता. तलवार न उपसता, राज्य खालसा न करता, राजाला गादीवर ठेवूनच राज्य कसे चालवावे, याची एक पद्धत इंग्रजांनी हिंदुस्थानात घडवली आणि तीच पुढे समुद्रापलीकडे नेली. आपण तिला एका टोकाने ओळखतो. तिचे दुसरे टोक पाहिले, तर आपले टोकही अधिक नीट समजेल, असे मला वाटते.

बहरीन म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याहूनही लहान असा द्वीपसमूह. तेथे अल् खलिफा घराण्याची सत्ता होती. 1820 पासून इंग्रजांशी तह होत गेले. 1861 च्या तहाने समुद्रावरील युद्धाचा हक्क गेला. 1880 आणि 1892 च्या करारांनी इंग्रजांवाचून अन्य कोणाशी संबंध ठेवण्याचा, कोणाला भूमी देण्याचा हक्क गेला. कागदोपत्री राज्य स्वतंत्र राहिले. त्याचा बाहेरचा दरवाजा मात्र दुसऱ्याच्या किल्लीने उघडू लागला.

ही किल्ली लंडनच्या नव्हे, तर प्रामुख्याने हिंदुस्थान सरकारच्या कमरेला होती. इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथे पोलिटिकल रेसिडेंट बसे आणि त्याचा एजंट बहरीनच्या मनामा शहरात. आपल्याकडील संस्थानांत नेमले जाणारे अधिकारी ज्या राजकीय खात्याचे, त्याच खात्याचे हेही अधिकारी. बाजारात आपला रुपया चाले. परदेशी रहिवाशांवरील इंग्रजी अधिकाराचा हुकूम 1913 साली निघाला व 1919 मध्ये अमलात आला. त्यान्वये हिंदुस्थानचे अनेक कायदे तेथे लागू झाले. मोत्यांच्या मोठ्या व्यापाराची पेठ होती मुंबई.

आता त्या बेटाच्या अंतरंगाकडे वळू. 1869 पासून शेख ईसा बिन अली गादीवर होते. त्यांची कारकीर्द दीर्घ होती, पण सर्वांना सारखी सुखाची नव्हती. खजुराच्या बागा कसणारे शिया पंथीय बहारना हे तेथील जुने रहिवासी. त्यांच्यावर डोईपट्टीसारखे कर होते आणि त्यांच्याकडून वेठबिगार घेतली जाई. शासक घराण्यातील निरनिराळ्या शेखांच्या जहागिरी होत्या आणि त्या त्या भागात त्या त्या शेखाचा शब्द हाच कायदा. हे मी मुद्दाम आधी सांगतो. परकीय सत्तेची मीमांसा करताना स्वकीय सत्तेला धुऊन-पुसून स्वच्छ करण्याचा मोह होतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो टाळला पाहिजे.

1921 मध्ये मेजर डेली हे तडफदार अधिकारी एजंट म्हणून आले. त्याच वर्षी बहारना लोकांनी इंग्रजांकडे दाद मागितली. डेली यांना ते गाऱ्हाणे खरे वाटले, आणि ते खरेच होते. पण साम्राज्य केवळ करुणेने हलत नाही. इराण बहरीनवर आपला हक्क सांगत होता. अरबस्तानात इब्न सौद यांची सत्ता वाढत होती. बेटावरील अंदाधुंदी ही शेजाऱ्यांना हस्तक्षेपाचे आमंत्रण ठरेल, अशी चिंता इंग्रजांना होती. 1923 च्या मे महिन्यात मनामा येथे नजदी आणि इराणी रहिवाशांत दंगल झाली आणि निर्णयाची घडी आली. 26 मे 1923 रोजी रेसिडेंट नॉक्स यांनी भर मजलिसीत जाहीर केले की, यापुढे राज्याचा कारभार शेख ईसांचे पुत्र शेख हमद पाहतील. चोपन्न वर्षे राज्य केलेल्या वृद्ध शेखांनी संमती दिली नव्हती. 1932 मध्ये मृत्यू येईपर्यंत अनेकांच्या लेखी तेच खरे राजे होते.

इंदूरकरांना हे ऐकताना काही आठवावे. तीनच वर्षांनी, फेब्रुवारी 1926 मध्ये, तिसऱ्या तुकोजीरावांनी गादी सोडली. मुंबईतील एका खून-खटल्यानंतर चौकशी मंडळ की पदत्याग, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला होता. दोन्ही प्रसंगांची कारणे अगदी भिन्न आहेत आणि ती एक आहेत असे मी म्हणणार नाही. साम्य आहे ते रीतीत. राजा बदलावा, गादी राहावी. पुत्र पुढे यावा, घराणे टिकावे. आणि नव्या राजाला आपली गादी कोणामुळे आहे हे कायमचे कळावे.

बहरीनमध्ये याविरुद्ध आवाज उठला. 1923 च्या अखेरीस काही प्रतिष्ठित मंडळी एकत्र आली. शेख ईसांना परत आणा, एजंटाने अंतर्गत कारभारात हात घालू नये आणि लोकांचे एक मंडळ स्थापन करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या मंडळींत शासक वर्गाचे हितसंबंधीही होते. करांची समानता ज्यांना रुचली नव्हती असे लोक त्यांत होतेच. पण लोकमंडळाची मागणी त्यामुळे खोटी ठरत नाही. तिला उत्तर मिळाले ते हद्दपारीचे. अब्दुल वहाब अल् झयानी आणि त्यांचे सहकारी अहमद बिन लाहिज यांना जहाजात बसवून मुंबईला धाडण्यात आले. झयानी 1925 मध्ये मुंबईतच वारले. ज्या मुंबईत बहरीनचा मोती मोलाने विकला जाई, त्याच मुंबईत बहरीनचा एक मानी माणूस परका म्हणून मेला.

1925 मध्ये लंडनच्या 'टाइम्स' पत्रात पूर्वेकडील एका राज्यात नोकरीसाठी तरुण हवा, अशी जाहिरात आली. तिला उत्तर देणारे चार्ल्स बेलग्रेव्ह मार्च 1926 मध्ये बहरीनला उतरले आणि शेखांचे सल्लागार म्हणून 1957 पर्यंत राहिले. त्यांचा पगार शेख देत. ते सल्लागार खरे. पण हिशेब, न्याय, पोलीस, शिक्षण अशा प्रत्येक कारभाराला त्यांचा हात लागला. जकातीवर आधीच एक इंग्रज अधिकारी नेमला गेला होता. जमिनीची मोजणी झाली, न्यायालये बसली, वेठ बंद झाली, करांतील भेद कमी झाला. बहारना शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दिलासा मोठा होता. तो नाकारणे म्हणजे त्याच्या दुःखालाच नाकारणे होय.

पण सर्वांत बोलके उदाहरण मोत्यांचे आहे. पाणबुड्या हंगामापूर्वी जहाजाच्या मालकाकडून उचल घेई. त्या मालकाला तेथे नाखुदा म्हणतात. आपल्या कोकणचा 'नाखवा' हा त्याच शब्दाचा भाऊ. उचलीचा हिशेब नाखुदाच्या वहीत. पाणबुड्याला वाचता येत नसे. कर्ज फिटत नसे आणि बाप मेला की ते मुलाच्या गळ्यात पडे. 1924 च्या सुमारास नवे नियम आले. प्रत्येक पाणबुड्याला स्वतःची हिशेबवही मिळाली, उचलीवर मर्यादा आली आणि वारशाने येणारे कर्ज बंद झाले. नाखुदा चिडले, हे स्वाभाविक. पण पुष्कळ पाणबुडेही चिडले! कारण त्यांना उद्याचे ऋणमुक्त जीवन दिसत नव्हते. आज घरी न्यावयाचा तांदूळ कमी झालेला दिसत होता. त्यांना कोणी विचारले नव्हते, कोणी समजावले नव्हते. पुढे जागतिक मंदी आली, जपानचे संवर्धित मोती बाजारात आले आणि मोत्यांचे भाव कोसळले. 1932 मध्ये उचल घटल्यावर पाणबुड्यांचा उद्रेक झाला, पोलिसांशी चकमक झाली आणि काहींना प्राण गमवावे लागले.

त्याच 1932 साली, त्याच बेटावर, जबल दुखान या टेकडीपाशी तेल लागले. अरबी बाजूच्या आखातातील ते पहिले तेल. इंग्रजांनी करारात अशी अट घालून ठेवली होती की, तेलाचे काम ब्रिटिश कंपनीनेच करावे. कॅलिफोर्नियाच्या कंपनीने त्यावर तोड काढली. तिने आपली कंपनी कॅनडात नोंदवली. भांडवल अमेरिकेचे, नोंदणी कॅनडाची, तेल बहरीनचे, आणि शेखांना मिळावयाचे स्वामित्वधन मात्र टनाला साडेतीन रुपये, आपल्याच रुपयांत! 1934 मध्ये तेल निर्यात होऊ लागले आणि 1936 मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. इंग्रजांचे विमानतळ आणि आरमारी ठाणेही याच दशकात तेथे आले. जे बेट हिंदुस्थानच्या वाटेवरचे म्हणून सांभाळले जात होते, ते आता स्वतःच मोलाचे ठरले.

1938 मध्ये पुन्हा मागण्या पुढे आल्या. या वेळी सुन्नी आणि शिया दोघेही त्यांत होते. कायदेमंडळ हवे, पोलीस व न्यायालये सुधारा, तेल कंपनीत स्थानिकांना काम द्या. या शेवटच्या मागणीचा रोख परकीय कामगारांवर होता आणि त्यांत हिंदी लोक मोठ्या संख्येने होते, हेही आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. साम्राज्याची गाडी इंग्रज हाकत असला, तरी तिच्या चाकांना आपले कारकून, आपले शिपाई आणि आपले कायदे जोडलेले होते. या वेळचे पुढारीही पकडले गेले आणि हिंदुस्थानात हद्दपार झाले. पंधरा वर्षांत दोनदा तोच प्रश्न आला आणि दोनदा त्याला तेच उत्तर मिळाले.

मग या धोरणाचे मूल्यमापन कसे करावे? ते निव्वळ लुटीचे होते, असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. ते निव्वळ सुधारणेचे होते, असे म्हणणे त्याहून सोपे आणि त्याहून अपुरे आहे. माझ्या मते त्याचा खरा दोष असा: त्याने लोकांना न्याय दिला, पण न्याय मागण्याची जागा दिली नाही. वेठ बंद केली, पण ती बंद व्हावी की नाही, कशी व्हावी, हे ठरवणारी सभा भरू दिली नाही. त्यामुळे एका गावाला सुधारणा म्हणजे परक्याची कृपा वाटली, तर दुसऱ्याला परक्याचा जुलूम. दोघांनी एकत्र बसून आपसांत तोड काढण्याची सवयच लागली नाही. वरून आलेल्या चांगल्या गोष्टीचे हे मोल असते आणि ते पुढील पिढ्या चुकवतात.

बालमित्रांनो, शेवटी तुमच्यासाठी एक गोष्ट. बहरीनच्या मुहर्रक गावी 1919 मध्ये मुलांची पहिली आधुनिक अरबी शाळा सुरू झाली आणि 1928 मध्ये मुलींची. डेली यांच्या आधी, बेलग्रेव्ह यांच्या आधी, त्या बेटाने स्वतःहून शाळा काढली होती. पाणबुड्याच्या हाती हिशेबवही देणे हे सरकारला जमले; पण ती वही वाचणारा मुलगा शाळेनेच घडवला. मराठी मुलखापासून दूर, आपल्या पूर्वजांनी वर्गणी गोळा करून ही शाळा उभारली, तीही कोणाच्या हुकमाने नव्हे. आपला हिशेब आपल्याला आपल्या भाषेत वाचता यावा, म्हणून.

15 ऑगस्ट 1971 रोजी बहरीनने स्वातंत्र्य जाहीर केले. तारीख तुमच्या ओळखीची आहे. पुढच्या वेळी रेसिडेन्सीवरून जाताना त्या जुन्या वास्तूकडे क्षणभर पाहा आणि समुद्रापलीकडील त्या दुसऱ्या रेसिडेन्सीचीही आठवण ठेवा.