परदेशातील नोकरी : हक्कांची सुरुवात गावातच



रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक गावांना आखाती देश आता परके राहिलेले नाहीत. १९७३ मध्ये तेलाच्या किमती वाढल्या, आखातात रस्ते, बंदरे व वसाहती यांची बांधकामे वेगाने सुरू झाली आणि गवंडी, सुतार, वाहनचालक यांना तेथे मागणी आली. त्या श्रमांतून गावोगावी पक्की घरे उभी राहिली. परंतु दागिने गहाण ठेवून गेलेला एखादा तरुण रिकाम्या हाताने परततो, तेव्हा त्या आपत्तीचे मूळ पुष्कळदा निघण्यापूर्वी न वाचलेल्या कागदात सापडते.

आपल्या देशाच्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने या बाबतीत स्पष्ट व्यवस्था केली आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र शासनाचे नोंदणी प्रमाणपत्र असलेच पाहिजे. त्याला ३०,००० रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक मोबदला घेता येत नाही आणि घेतलेल्या रकमेची पावती द्यावी लागते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला ठराविक देशांत जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. हे कार्यालय मुंबईतही आहे. अशा कामगारासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असून, अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

"सध्या पर्यटकाच्या व्हिसावर जा, पुढचे तिकडे पाहू," असे सांगणाऱ्यापासून सावध राहिले पाहिजे. या मार्गाने गेलेला माणूस तेथे कामाला लागला, तर कायद्याच्या दृष्टीने तोच दोषी ठरतो. मग थकलेला पगार मागण्यासही तो धजत नाही.

आता संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण घेऊ. तेथील खाजगी क्षेत्राचा नवा श्रम कायदा फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार कामाचे तास दिवसाला ८ व आठवड्याला ४८ असून जादा कामाचा मोबदला वाढीव दराने द्यावा लागतो. भरतीचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. कामगाराचे पारपत्र त्याला अडकवून ठेवता येत नाही. एक वर्ष नोकरी पूर्ण झाली, की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतके सेवासमाप्ती उपदान मिळते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत उघड्या उन्हात काम करून घेण्यास मनाई आहे. घरकामगारांसाठी मात्र निराळा कायदा आहे.

हक्कांबरोबर कर्तव्येही येतात. कामगाराने काम स्वतः करावे, अवजारांची निगा राखावी, सुरक्षेचे नियम पाळावेत आणि परवान्याविना दुसऱ्याकडे कामास जाऊ नये. समर्थनीय कारणाशिवाय सलग सात दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास मालक त्याला सूचनेविना काढू शकतो. करार संपण्यापूर्वी वाजवी कारणाशिवाय निघून गेल्यास एक वर्ष नवा परवाना मिळत नाही. अन्याय झाला, तरी रागाच्या भरात काम सोडून निघून जाण्याऐवजी तेथील श्रम मंत्रालयाकडे तक्रार नोंदवावी व भारतीय वकिलातीचे साहाय्य घ्यावे. त्या वेळी कराराची प्रत आणि पगाराचा हिशेबच त्याच्या उपयोगी पडतो.

येथेच पंचायत सदस्य आणि शिक्षक यांचे काम आहे. जाणाऱ्याचा करार त्याला मराठीत वाचून दाखवावा. पगार, कामाचे स्वरूप व मुदत त्याला समजली की नाही, हे विचारावे. एजंटाची नोंदणी शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळून पाहावी. करार, व्हिसा, विमा आणि पावती यांच्या प्रती घरच्यांकडे ठेवावयास सांगाव्यात. यास एक संध्याकाळ पुरते. आणि कर्ज काढून निघालेल्या कुटुंबाची पुढची कित्येक वर्षे त्या एका संध्याकाळवर अवलंबून असू शकतात.