रत्नागिरीहून परतलेला माणूस

मालवणच्या किनाऱ्यावर “त्याला रत्नागिरीस नेलें” एवढें म्हटलें कीं पुढचें कांहीं सांगावें लागत नाहीं. तेथील मनोरुग्णालय १८८६ सालचें. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला, तरी हें नातें तुटलें नाहीं. नेलेल्या माणसाविषयीं आपण हळहळतों. परतलेल्याविषयीं मात्र कुजबुजतों. त्यांतूनही ज्याच्या हातून भ्रमाच्या भरांत रक्तपात घडला आणि उपचारानंतर जो घरीं आला, त्याचा विषय निघाला कीं ओसरीवरच्या गप्पा थांबतात. “यानें पुन्हां तसेंच केलें तर?”

ही शंका अगदींच निराधार नाहीं. इंग्लंडांत ग्रॅहॅम यंग नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलानें घरच्या माणसांस विष घातलें. १९६२ सालीं त्याला ब्रॉडमूरच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. १९७१ सालीं बरा झाला म्हणून त्याची सुटका झाली, आणि त्याच वर्षीं त्यानें दोन सहकाऱ्यांचा विष घालून प्राण घेतला. हा पूर्वीं आजारी होता एवढें धन्यास ठाऊक होतें. विषाची गोष्ट त्यास कोणींच सांगितली नव्हती.

पण दुसरी बाजूही ऐकावी. १९६६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळें न्यूयॉर्क संस्थानांत धोक्याचे मानलेले साडेनऊशेंहून अधिक रोगी तुरुंगवजा इस्पितळांतून साध्या इस्पितळांत हलवावे लागले. पुढें पुष्कळसे घरीं गेले. अनर्थ होईल असें भाकीत होतें. चार वर्षें माग काढल्यावर हिंसक गुन्हा करणारे फारच थोडे आढळले. आपल्याकडे या संदर्भांत रामन राघवचें नांव हटकून घेतलें जातें. १९६८ सालीं तो मुंबईंत पकडला गेला; त्याची फांशी १९८७ सालीं उच्च न्यायालयानें जन्मठेपेंत बदलली, आणि १९९५ सालीं तो पुण्यांत वारला. तो सुटलाच नव्हता, हें आपण विसरतों!

वेडाच्या भरांत ज्याला आपल्या कृत्याचें स्वरूपच कळलें नाहीं, त्याला कायदा दोषी ठरवीत नाहीं. पण सरळ मोकळाही सोडीत नाहीं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें ३३५ वें कलम, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेलें नागरिक सुरक्षा संहितेंतील कलम, दोन वाटा दाखवितें. त्याला सुरक्षित ताब्यांत ठेवावें, किंवा आप्तानें अथवा मित्रानें अर्ज करून जामीन दिल्यास त्याच्या हवालीं करावें. जामीन कशाचा? याची नीट काळजी घेतली जाईल, हा स्वतःस वा इतरांस इजा करणार नाहीं, बोलावल्यास हजर केला जाईल.

न्यायालयांत हे शब्द सोपे वाटतात. दांडीच्या किंवा तारकर्लीच्या एखाद्या म्हातारीनें त्यांखालीं अंगठा उठविला म्हणजे त्यांचें वजन कळतें. थोरला मुलगा रात्रीं होडीवर. सून भीतीनें माहेरीं. गोळ्यांच्या पुडीवर लक्ष एकट्या म्हातारीचें. “मी बरा झालों, आतां गोळ्या कशाला?” हा रोजचा वाद. गोळ्या सुटतात, कोणीतरी आग्रहानें दारू पाजतो, झोप उडते, जुना संशय डोकें वर काढतो. हें बहुधा एका रात्रींत होत नाहीं. दिवसेंदिवस होत जातें आणि घरच्यांना तें दिसत असतें. शिवाय भ्रमांतला वैरी पुष्कळदां घरांतलाच असतो. म्हणजे जामीन देणारी म्हातारीच सर्वांत आधीं धोक्यांत!

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्यास सोडण्यापूर्वीं पुढील उपचारांची आखणी त्याच्याशीं, घरच्यांशीं आणि पुढें उपचार करणाऱ्या डॉक्टराशीं बोलून करण्यास सांगितलें आहे. ही आखणी वाडीपर्यंत पोंचावी लागते. देवापुढें गाऱ्हाणें घालावें, त्यास माझी ना नाहीं. पण गोळी चुकवूं नये. “चार रात्रीं झोपला नाहीं” हें शेजाऱ्यास दिसलें तर त्यानें दार लावून न घेतां त्याला सरकारी डॉक्टराकडे नेण्यास हात द्यावा. पोलिसांची पाळी येण्याच्या पुष्कळ आधीं हें करतां येतें. ग्लास पुढें करणाऱ्या मित्रांनीं तर तो मागेंच घ्यावा.

बरे झालेले कित्येक रोगी न्यावयास कोणी येत नाहीं म्हणून मनोरुग्णालयांतच राहतात. या मुलाला न्यावयास आई आली. तिचें वय सत्तरीच्या पुढें आहे, आणि तिच्या मागें त्या कागदावर कोण अंगठा उठविणार हें भावकींत अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं.