स्टेशन कोठें असावें?

आगगाडीचें स्टेशन कोठें बांधावें हा प्रश्न वरकरणी एंजिनिअरांचा दिसतो. चढ किती, वळण केवढें, जमीन टणक कीं भुसभुशीत, एवढें पाहिलें म्हणजे जागा ठरली, असें मानण्याची रीत जुनी आहे. परंतु ज्या लहान गांवीं तें स्टेशन व्हावयाचें तेथील माणसांचा हिशेब निराळा असतो. सकाळची गाडी घरून पायीं जाऊन गांठतां येईल काय, पेठेंतलीं दुकानें चालतील कीं ओस पडतील, भाडीं वाढलीं तर जुन्या भाडेकरूनें जावें कोठें, ह्या गोष्टी साखळी टाकून मोजतां येत नाहींत. त्या विचाराव्याच लागतात. असा विचारण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स राज्याच्या दक्षिण भागांत झाला. त्यांत साधलें काय आणि निसटलें काय, हें पाहण्यासारखें आहे.

बोस्टनच्या दक्षिणेस सुमारें ५० मैलांवर न्यू बेडफोर्ड व फॉल रिव्हर हीं दोन शहरें आहेत. पहिलें देवमाशांच्या शिकारीवर आणि पुढें मासेमारीवर वाढलें. दुसरें कापडाच्या गिरण्यांवर. गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर गांवाला कशी अवकळा येते हें मुंबईकरास सांगावयास नको. १९५८ सालीं ह्या शहरांच्या उतारूंच्या गाड्याही बंद झाल्या. नोकऱ्या बोस्टनमध्यें, पण तेथें घर परवडत नाहीं. इकडे घर परवडतें, पण गाडी नाहीं, अशा कात्रींत दोन पिढ्या गेल्या.

गाडी परत आणावयाची तर तिच्यामागून वस्तीही येणार, हें ओळखून २००९ सालीं त्या टापूंतील ३१ गांवांचा व शहरांचा मिळून एक आराखडा तयार झाला. त्याची खुबी प्रश्नांत होती. ‘तुम्हांस स्टेशन हवें काय?’ असें विचारलें कीं उत्तर हो किंवा नाहीं एवढेंच मिळतें, आणि सभेंत दोन तट पडतात. येथें गांवांपुढें नकाशा ठेवून विचारलें गेलें कीं, नवीं घरें व उद्योगधंदे कोठें यावेत आणि कोणत्या जमिनीस हात लागूं नये. पाणी कोठें मुरतें, कोणत्या रस्त्यावर आधींच कोंडी होते, हें बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यापेक्षां गांवकऱ्यास अधिक ठाऊक असतें. पुढें २०१० सालीं गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनीं हुकूम काढून राज्याचा पैसा शक्य तेथें ह्या नकाशांस धरून खर्च व्हावा असें ठरविलें. नुसतें मत मागणें निराळें, आणि त्या मतामागें तिजोरी उभी करणें निराळें.

त्या प्रांतीं लहान गांवांचा कारभार अजूनही खुल्या सभेंत चालतो. नोंदलेल्या कोणत्याही मतदारानें यावें, बोलावें, हात वर करावा. ही पद्धत मोठी सुंदर. पण सभेला येतो कोण? ज्याला गाडी हवी तो पुष्कळदां त्या वेळीं कामावर असतो. ज्याच्या परसामागून रूळ जावयाचा तो पहिल्या बांकावर बसलेला असतो. ह्या टापूंत पोर्तुगीज बोलणारीं कुटुंबें फार. सूचना इंग्रजींतच लागली तर ती त्यांच्या घरीं पोंचत नाहीं. आणि स्टेशनापाशीं उद्यां जे राहावयास येणार त्यांना तर आज मतच नाहीं. सभागृह भरलें म्हणजे गांव बोललें, असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानीं धरावें.

खरी परीक्षा मार्ग ठरवितांना झाली. स्टाउटनवरून ईस्टन व रेनहॅम ह्या गांवांतून टॉन्टन शहराच्या मध्यभागीं जाणारा मार्ग जवळचा. पण तो हॉकोमॉकच्या विस्तीर्ण दलदलींतून जातो. ईस्टनमध्यें त्याला विरोध झाला. दलदलींतील प्राण्यांचा मार्ग अडूं नये म्हणून रूळ उंच पुलावरून न्यावा आणि गाड्या विजेवर चालवाव्या, असें ठरलें, आणि खर्च व काळ दोन्ही वाढले. अखेर २०१७ सालीं राज्यानें धोरण बदललें: आधीं मिडलबरोवरून, असलेल्याच रुळांवरून गाडी न्यावी, स्टाउटनचा मार्ग दुसऱ्या टप्प्यांत. त्यामुळें टॉन्टनला मिळालेलें स्टेशन भर पेठेंत न होतां शहराच्या पूर्वेस, मोटारींच्या हमरस्त्यालगत झालें. पायीं जाणाऱ्यास तें असून नसल्यासारखेंच.

सर्वांत जास्त सोसावें लागलें तें लेकव्हिल ह्या गांवास. १९९७ पासून बोस्टनची गाडी तेथपर्यंत येत असे, आणि स्टेशनाच्या भरंवशावर आसपास कुटुंबें राहावयास आलीं होतीं. नवा मार्ग मात्र त्या स्टेशनाच्या अलीकडेच पश्चिमेस वळतो. जुनें स्टेशन राखावयाचें तर प्रत्येक गाडी पुढें नेऊन परत मागें आणावी लागली असती. म्हणून शेजारच्या मिडलबरोंत नवें स्टेशन बांधलें गेलें. लेकव्हिलकरांनीं तक्रार केली. तिला उत्तरही मिळालें. निर्णय बदलला नाहीं. रुळांच्या दृष्टीनें तो बरोबरच होता. परंतु २००९ च्या नकाशांवर जो मार्ग डोळ्यांपुढें ठेवून गांवांनीं खुणा केल्या, तो हा मार्ग नव्हे. योजना इतकी पालटली तेव्हां नकाशा पुनः गांवापुढें ठेवून, आतां काय वाटतें, असें पहिल्याइतक्याच आस्थेनें विचारणें प्राप्त होतें. हरकती नोंदवून घेणें म्हणजे विचारणें नव्हे.

२४ मार्च २०२५ रोजीं न्यू बेडफोर्ड व फॉल रिव्हर येथें उतारूंची गाडी पुनः आली, सुमारें ६७ वर्षांनीं. वाटेवरच्या फ्रीटाउनसारख्या लहान गांवासही स्टेशन मिळालें. दुसरा टप्पा अद्याप कागदावरच आहे. नॉर्थ ईस्टन येथें एच. एच. रिचर्डसन ह्या विख्यात वास्तुशिल्पकारानें आंखलेलें जुनें दगडी स्टेशन अजून उभें आहे. गाव्याबाहेरची गाडी तेथें येत नाहीं. गांवची इतिहाससंस्था आतां त्यांत नांदते.