माळ्यावरची पेटी आणि घराचा आवाज
(कौटुंबिक चित्रफितींच्या जतनाविषयी कर्जत-खालापूर परिसरातील श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील जुन्या घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असतेच. तिच्यात जमिनीचे कागद, लग्नपत्रिका आणि लाल कापडात बांधलेल्या पोथ्या जपून ठेवलेल्या असतात. त्यांच्या शेजारी क्वचित आठ मिलिमीटर फिल्मची गोल डबी आणि बहुधा १९८०-९०च्या दशकांतील लग्नाची व्हीएचएस कॅसेट पडलेली असते. नीट ठेवलेली पोथी दोनशे वर्षे टिकते. कॅसेटला तेवढे आयुष्य नाही, हे मात्र पुष्कळ घरांच्या ध्यानी आलेले नाही.

हलती चित्रे टिपण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. टिपण्यात आपण मागे नव्हतो. जपण्यात मात्र कमी पडलो. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. परंतु ८ जानेवारी २००३च्या आगीत त्याच्याकडील नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा जळून गेला. जेथे संस्थांची ही कथा, तेथे घरच्या माळ्याचा काय पाड!

घरगुती फितींचे शत्रू तीन. पहिला दमटपणा. सह्याद्रीच्या पायथ्याचा चार महिन्यांचा पाऊस भाताला अमृत, पण फितीला विष. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट यंत्रात घालू नये; फीत तुटते आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटला लागते. दुसरा शत्रू फितीचे स्वतःचे रसायन. ॲसिटेट फिल्म कुजू लागली की डबी उघडताच शिरक्याचा आंबूस वास येतो. फिल्म आक्रसते आणि पुढे यंत्रात बसेनाशी होते. तिसरा शत्रू यंत्रांचा अभाव. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि जगात ही यंत्रे नव्याने बनणेच संपले. आज चालू असलेले प्रत्येक यंत्र जुने आहे. म्हणून ‘पुढच्या दिवाळीत बघू’ हे उत्तर येथे परवडणारे नाही.

काम करताना काही पथ्ये पाळावीत. फिल्म असेल तर तिचे एकेक चित्र स्कॅन करून घ्यावे. भिंतीवर प्रक्षेपित करून कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतीत लुकलुक येते. जुनी आठ मिलिमीटर फिल्म सेकंदाला साधारण १६ चित्रांच्या वेगाने घेतलेली असते, तर सुपर-आठ बहुधा १८च्या. तीच २५च्या वेगाने चालविली, तर संथपणे तुळशीला प्रदक्षिणा घालणारी आजी धावताना दिसते! वेग सुधारला की तिची चाल तिला परत मिळते. मिनी-डीव्ही कॅसेटमधील चित्र मुळातच डिजिटल असते. ते फायरवायरच्या तारेने जसेच्या तसे संगणकावर उतरते आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते. तयार झालेल्या प्रती निदान तीन असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, पुण्या-मुंबईच्या नातलगाकडे असावी. २६ जुलै २००५च्या पुराने रायगड जिल्ह्याला हा धडा दिलेलाच आहे. आणि मूळ फीत फेकू नये.

आता संगीताविषयी. मूक फिल्मला संगीत जोडण्यात काहीच वावगे नाही. मूकपटांच्या काळी पडद्यापुढे बसून वादक पेटी-तबला वाजवीत असत. परंतु व्हीएचएस कॅसेट मुकी नसते, आणि नेमकी येथेच मोठी चूक घडते. लग्नाच्या कॅसेटवरील कलकलाट नकोसा वाटतो. म्हणून मूळ ध्वनी पुसून त्यावर चित्रपटातील गाणे चढविले जाते. त्या कलकलाटात काय असते? मंगलाष्टके म्हणणारा मामाचा आवाज, उखाणा घेताना अडखळलेली नववधू, ‘पंगत बसवा रे’ म्हणून ओरडणारे आजोबा. ते आजोबा आज हयात नसतील, तर त्यांचा आवाज जगात त्या एकाच फितीवर उरलेला असू शकतो. गाणे कोठेही मिळेल. तो आवाज पुसला की पुन्हा मिळणार नाही.

म्हणून नियम साधा असावा : एक प्रत जशी आहे तशी, तिला कोणीही हात लावायचा नाही. सजावट करायची ती दुसऱ्या प्रतीवर, आणि तेथेही संगीत आवाजाच्या मागे चालावे. संगीत निवडतानाही घराकडे पाहावे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, महडच्या वरदविनायकाच्या माघी उत्सवात गाणारे भजनी मंडळ ओळखीचे असेल, तर त्यांच्या संमतीने ते ध्वनिमुद्रित करावे. एका कामात दोन ठेवे जपले जातील. कायद्याचे भानही ठेवावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने लग्नवरातीत गाणे वाजविण्यास सूट दिली आहे; तेच गाणे चित्रफितीला जोडून इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवणे त्या सवलतीत बसत नाही.

शेवटचे काम सर्वांत सोपे, आणि तेच सर्वाधिक राहून जाते. चित्रफीत तयार झाली की घरातील ज्येष्ठांना समोर बसवून ती दाखवावी आणि हे कोण, ते घर कोणाचे, हे विचारून लिहून घ्यावे. नाव नसलेला चेहरा पुढच्या पिढीला परकाच असतो.

आपल्याकडे पितृऋणाची कल्पना आहे. ते फेडण्याचे मार्ग अनेक आहेत. पूर्वजांचा चेहरा, त्यांची चाल आणि त्यांचा आवाज नातवंडांपर्यंत धडपणे पोहोचविणे हाही त्यांतीलच एक. पेटी माळ्यावरच आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी ती खाली उतरावी, एवढीच विनंती.